आभाराचा पत्ता

रस्त्याचे डांबरीकरण संपले की दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागतो. वर हात जोडलेला एक मोठा चेहरा, खाली दहा-बारा लहान चेहरे आणि मधोमध 'समस्त रहिवाशांतर्फे जाहीर आभार'. रहिवाशांना कोणी विचारलेले नसते. ज्या मजुरांनी दोन रात्री जागून धुरात उभे राहून तो रस्ता केला, ज्या कनिष्ठ अभियंत्याने थरांची मापे घेतली, ज्यांच्या घरपट्टीतून त्याचे पैसे गेले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या फ्लेक्सवर नसते. अनेकदा फ्लेक्स झाडाला खिळे ठोकून लावलेला असतो आणि त्याला परवानगीही नसते.

यावर वैतागून 'महापालिकेचे कसले आभार, ते त्यांचे कामच आहे' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. शहर रोज चालते ते हजारो माणसांनी आपले काम वेळेवर केल्यामुळे, आणि केलेल्या कामाची दखल घेणे ही नागरिकाची जबाबदारीच आहे. मात्र ती दखल नेमकी हवी. तक्रार करताना आपण तारीख, जागा, खात्याचे नाव, फोटो असे सगळे जोडतो. आभार मानताना मात्र 'पालिकेचे खूप खूप धन्यवाद' एवढ्यावर थांबतो. असे आभार कोणापर्यंतच पोचत नाहीत. आभाराला पत्ता लागतो, आणि तो शोधायचा तर काम कसे होते ते समजून घ्यावे लागते.

डोंबिवलीचे उदाहरण घेऊ, कारण मुंबईला रोज माणसे पुरवणाऱ्या उपनगरांचे सगळे प्रश्न इथे एकाच ठिकाणी दिसतात. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ सालची. १ जून २०१५ पासून आजूबाजूची २७ गावे तिच्यात आली. त्याच हद्दीत एमआयडीसीचा पट्टा, रेल्वेची जागा आणि महावितरणचे खांब. एकाच गल्लीतला दिवा, गटार, पाण्याची जलवाहिनी आणि खोदलेला खड्डा यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या आणि रात्री नऊला परतणाऱ्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला दिसतो तो फ्लेक्स.

रस्त्यापासून सुरुवात करू. काम चालू असताना तिथे माहितीफलक असायला हवा. त्यावर कामाचे नाव, मंजूर रक्कम, निधीचा स्रोत, ठेकेदाराचे नाव, काम सुरू झाल्याची आणि संपवायची तारीख आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे दुरुस्तीच्या हमीची मुदत, असते. फलक असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण काम संपले की तो सगळ्यात आधी नाहीसा होतो. निधीचा स्रोत वाचला की आभाराची पहिली दिशा कळते. पैसा महापालिकेच्या अंदाजपत्रकातला असू शकतो, राज्याच्या नगरोत्थान योजनेतला, वित्त आयोगाच्या अनुदानातला, जिल्हा नियोजन समितीचा किंवा आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतला. महाराष्ट्रात आमदाराला या निधीपोटी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात, खासदारालाही ५ कोटीच. तो पैसा सरकारी तिजोरीतलाच असतो. लोकप्रतिनिधीने काम सुचवलेले असते आणि श्रेय द्यायचे तर त्या निवडीचे द्यावे. पाच गल्ल्यांपैकी ज्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नव्हती ती आधी निवडली असेल, तर ते आवर्जून लिहावे.

डांबराचे काम चांगले झाले की नाही हे त्याच दिवशी ठरवता येत नाही, पण काही गोष्टी त्याच दिवशी दिसतात. गरम मिश्रण ट्रकमधून उतरते तेव्हा ते साधारण १३० ते १४० अंश सेल्सिअसला असावे लागते आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरचे काम संपावे लागते. थंड पडलेल्या मिश्रणाची दबाई होत नाही. आत पोकळ्या राहतात, त्यात पाणी शिरते आणि पहिल्याच पावसात खडी सुटते. म्हणून प्लांटपासून ट्रक किती वेळात आला, ताडपत्री घातली होती का, टाकण्याआधी खालचा पृष्ठभाग झाडून त्यावर पातळ डांबराचा फवारा मारला होता का, हे महत्त्वाचे. उपनगरात हे काम रात्री होते, कारण दिवसा रिक्षांची रांग हलत नाही. वरचा थर २५ ते ४० मिलिमीटरचा असतो. त्यासाठी चेंबरची झाकणे वर उचलून घ्यावी लागतात. ती तशीच खाली राहिली तर प्रत्येक झाकणाभोवती एक खड्डा ठरलेला असतो, आणि ज्या गल्लीत ती रस्त्याच्या पातळीला आणलेली दिसतात तिथे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून काम करून घेतलेले असते.

ते 'कोणीतरी' कोण, हे मोजमाप पुस्तकात असते. किती लांबी, किती रुंदी, किती जाडी, कोणत्या तारखेला मोजले आणि कोणी सही केली, या नोंदीवरच ठेकेदाराचे बिल निघते. महाराष्ट्रात २०१८ सालच्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहता येतात. त्याचा फारसा कोणी उपयोग करत नाही. जाताना कामाचे नाव आणि वर्ष लिहून न्यावे, नाहीतर कारकुनाला फाइल सापडत नाही आणि दोन तास तिथेच जातात. तिथे जमले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत, हे महाराष्ट्राच्या नियमांत आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा एकाच कागदावर रस्ता, गटार आणि दिवे असे तीन विषय कोंबल्यामुळे.

दोष दायित्व कालावधी म्हणजे रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. ही तारीख सोसायटीच्या दप्तरात हवी. मुदत संपायच्या दोन महिने आधी रस्ता चालत पाहावा, खचलेल्या जागांचे फोटो काढावेत आणि पत्र द्यावे. रस्ता टिकला असेल तर त्याच पत्रात तसे लिहावे. उद्घाटनाच्या दिवशी मानलेल्या आभारांपेक्षा तीन पावसाळे काढलेल्या रस्त्याबद्दलचे चार ओळींचे पत्र अभियंत्याला कितीतरी अधिक मोलाचे असते. त्याच्या कामाची खरी परीक्षा तेव्हाच झालेली असते.

जुलैमधल्या खड्ड्यांबद्दलही एक सांगायला हवे. ओल्या पृष्ठभागाला गरम डांबर चिकटत नाही, म्हणून भर पावसात पेव्हर ब्लॉक, खडी किंवा न तापवता वापरायचे 'थंड मिश्रण' टाकून तात्पुरते बुजवतात. ते आठवड्यात उखडते. ही मलमपट्टी आहे हे ठाऊक असले की राग योग्य जागी ठेवता येतो. भर पावसात रस्ता चालता ठेवणाऱ्या मजुरांना धन्यवाद द्यावेत, आणि ऑक्टोबरमध्ये कायमच्या दुरुस्तीची मागणी करावी. तेव्हा खड्डा चौकोनी कापून, साफ करून, थराने भरला पाहिजे.

आता पाणी. आभाराच्या हिशेबात सगळ्यात मोठी बाकी इथे आहे.

डोंबिवलीला पाणी येते उल्हास नदीतून. उन्हाळ्यात ही नदी वाहती राहते ती वर साठवलेल्या पाण्यामुळे. मावळातल्या आंध्रा तलावाचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात येते, वीज करून पुढे उल्हासमध्ये सोडले जाते. बारवी धरणाचे पाणी दुसऱ्या बाजूने येऊन मिळते. मग महापालिका आणि एमआयडीसी आपापल्या उदंचन (पंपिंग) केंद्रांवर ते उचलतात. महापालिकेचे पाणी बारावे, मोहिली, नेतिवली अशा केंद्रांत शुद्ध होते, एमआयडीसीचे जांभूळला. म्हणजे ठाकुर्लीच्या एका फ्लॅटमधला नळ मावळ आणि मुरबाडच्या डोंगरांशी जोडलेला आहे. बारवीची उंची वाढवताना आणखी गावे पाण्याखाली गेली. तेव्हा विस्थापित कुटुंबांतल्या एकेकाला, हे पाणी घेणाऱ्या महापालिकांत आणि एमआयडीसीत नोकरी द्यायचे ठरले. स्थानिक स्वराज्य संस्थेने कृतज्ञता व्यक्त करायची ती अशी, आस्थापनेच्या यादीत जागा करून. ज्याच्या गावावर धरणाचे पाणी उभे आहे त्याच्या घरातला एखादा माणूस आज प्रभाग कार्यालयात आपला अर्ज घेत असू शकतो, हे पाण्याबद्दल भांडायला जाताना ध्यानात असावे.

पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते आणि नळाला मात्र पाणी कमी येते, याचे लोकांना कोडे वाटते. कारण सरळ आहे. पुराचे पाणी अतिशय गढूळ असते. तुरटीची मात्रा वाढवावी लागते, गाळ बसायला वेळ लागतो, वाळूच्या गाळण्या लवकर तुंबतात आणि त्या उलट्या प्रवाहाने पुन्हा पुन्हा धुवाव्या लागतात. त्या धुण्यात वेळही जातो आणि शुद्ध पाणीही. त्यात उदंचन केंद्राची वीज तासभर गेली तरी शहरात पाणी तासभर उशिरा येत नाही, तीन-चार तास उशिरा येते, कारण रिकाम्या झालेल्या मोठ्या जलवाहिन्या आधी भराव्या लागतात, त्यातली हवा बाहेर पडावी लागते, मग जलकुंभ भरतो आणि त्यानंतर वितरण सुरू होते.

वितरण म्हणजे व्हॉल्व्हमन. हा माणूस बहुतेक सोसायट्यांनी कधी पाहिलेला नसतो. पहाटे साडेतीन-चारला तो टी आकाराची लांब चावी घेऊन ठरलेल्या क्रमाने व्हॉल्व्ह फिरवत जातो. मोठ्या व्यासाच्या व्हॉल्व्हला डझनावारी वेढे असतात आणि ते सावकाश द्यावे लागतात. झटक्यात उघडले किंवा बंद केले तर पाण्याचा दणका बसून जुनी जलवाहिनी सांध्यात फुटते. कोणता व्हॉल्व्ह किती वेढे उघडला म्हणजे उताराच्या इमारतींनी सगळे पाणी ओढून न घेता टेकाडावरच्या चाळीपर्यंत ते पोचेल, हे कुठल्या नकाशात लिहिलेले नसते. ते त्याच्या हातात असते. तो सुट्टीवर गेला आणि बदली माणसाने अंदाजाने वेढे दिले की एका गल्लीत टाक्या वाहतात आणि पुढच्या गल्लीत ठणठणाट होतो. त्याच्या कामाची किंमत कळायला तेवढा एक दिवस पुरे असतो.

या माणसाचे काम सर्वांत जास्त बिघडवतो तो आपणच. थेट जलवाहिनीला मोटर लावणे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचे आहे. मोटर ओढ घेते तेव्हा जलवाहिनीत दाब उणे होतो. आपल्याकडच्या जोडण्या कित्येक ठिकाणी गटारातून किंवा गटाराला लागून जातात, त्यांचे लोखंड गंजलेले असते. मग भोकातून गटाराचे पाणी आत खेचले जाते आणि दोन दिवसांनी अख्ख्या गल्लीत जुलाब-उलट्या सुरू होतात. पुरवठा थांबून जलवाहिनी रिकामी होतानाही थोडे असेच घडते, म्हणून पाणी येताना पहिली काही मिनिटे गढूळ असतात. त्यावर स्वस्त उपाय आहे. जमिनीखालच्या टाकीत पाणी पडते तिथल्या बॉल व्हॉल्व्हच्या अलीकडे एक धुलाईचा नळ बसवून घ्यावा. पहिले पाणी त्यातून काढून झाडांना द्यावे आणि स्वच्छ आले की टाकीकडे वळवावे. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. तपासणीचे द्रावण टाकले की पाणी पिवळसर होते. रंग आलाच नाही तर लगेच पाणीपुरवठा विभागाला कळवावे. अशी नोंद आठवड्याला एकदा ठेवणारी सोसायटी महापालिकेच्या प्रयोगशाळेला खरी मदत करत असते, आणि व्हॉल्व्हमनचे आभार मानायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

मे महिन्यात गटारे आणि नाले साफ होतात. काढलेला गाळ काठावर पडलेला दिसला की लगेच 'काम अर्धवट' म्हणून फोटो फिरू लागतात. ओला गाळ तसाच गाडीत भरला तर रस्ताभर सांडत जातो, म्हणून तो एक-दोन दिवस सुकू देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तो तिथेच असेल तर मात्र तक्रार रास्त आहे, कारण वळवाच्या एका सरीने तो परत गटारात जातो आणि केलेले काम वाहून जाते. फोटो दोनच पुरतात, पण एकाच जागेवरून काढलेले हवेत. एक सफाईआधी, एक नंतर. पाण्याची पातळी उतरलेली आणि गटाराचा तळ दिसत असेल तर काम झाले आहे. वरचे प्लास्टिक उचलून तळाचा गाळ तसाच ठेवला असेल तर काम झालेले नाही, वरून कितीही चकाचक दिसो.

तुंबलेल्या चेंबरबद्दल एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. चेंबर किंवा सेप्टिक टाकी साफ करायला सुरक्षा साधने आणि खबरदारीशिवाय माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ही बंदी सोसायटीलाही लागू आहे, खासगी माणूस बोलावला म्हणून सुटका नाही. मैलागाळाच्या टाकीतल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. काम सक्शन गाडीने आणि जेटिंग मशीननेच करून घ्यायचे. गाडी यायला दोन दिवस लागत असतील तर दोन दिवस गैरसोय सोसायची. सफाई कामगारांबद्दलचा आपला आदर खरा आहे की नाही, हे त्या दोन दिवसांत कळते.

डासांच्या बाबतीत आभार हमखास चुकीच्या माणसाला जातात. संध्याकाळी धुराची गाडी आली की लोक खिडकीतून हात हलवतात. धुराने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात, आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. डेंग्यू खरा अडवतो तो आरोग्य विभागाचा कर्मचारी, जो जिने चढून गच्चीवरच्या टाक्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतो. त्याला वॉचमन फाटकातच थांबवतो आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते, सेक्रेटरी कामावर. किल्लीची एक प्रत वॉचमनच्या खोलीत ठेवणे, एवढेच करायचे आहे.

आता पत्राबद्दल, कारण तिथे बहुतेक चांगल्या इच्छा वाया जातात. आभाराचे पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, एका पानात लिहावे. प्रति: सहायक आयुक्त, अमुक प्रभाग क्षेत्र. डोंबिवली पूर्वेला फ आणि ग, पश्चिमेला ह असे प्रभाग आहेत. आपला प्रभाग मालमत्ता कराच्या बिलावर पाहून घ्यावा. प्रत संबंधित खात्याच्या उपायुक्तांना किंवा कार्यकारी अभियंत्यांना द्यावी. मजकुरात चार गोष्टी लागतात. काम काय झाले, कुठे आणि कोणत्या तारखेला, कोणी केले आणि त्याने आम्हांला नेमका काय फरक पडला. 'आपले कर्मचारी फार मेहनती आहेत' असे लिहू नये. '१४ जूनच्या रात्री पाऊस चालू असताना अमुक इमारतीसमोरचे चेंबर दीड तासात मोकळे केले, त्यामुळे तळमजल्यावरच्या चार घरांत पाणी शिरले नाही' असे लिहावे. कर्मचाऱ्याचे नाव, हुद्दा आणि हजेरीशेड मुकादमाला विचारून घ्यावे, कारण एकाच आडनावाचे पाच जण असतात. शेवटी 'सदर पत्र त्यांच्या वैयक्तिक नस्तीत लावावे ही विनंती' हे वाक्य असावे; नस्ती म्हणजे कर्मचाऱ्याची सेवेची फाइल. हे वाक्य नसेल तर पत्र आवक विभागातून पुढे जाऊन एखाद्या सर्वसाधारण फाइलीत झोपते. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, आणि त्या शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्या हातात द्यावी.

घंटागाडीवरचा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. त्याची वैयक्तिक नस्ती महापालिकेत नसते, म्हणून त्याच्यासाठी पत्राची एक प्रत ठेकेदार कंपनीला आणि एक घनकचरा व्यवस्थापन विभागाला द्यावी. ठेका बदलला की जुनी माणसे राहतील की नाही याची खात्री नसते. अशा वेळी नाव, तारीख आणि शिक्का असलेला कागद त्याला पुढच्या ठिकाणी दाखवता येतो. त्याला हातमोजे आणि गमबूट मिळाले आहेत का, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो तो खात्यात जमा होतो का, हे विचारणारे कोणी नसते. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक म्हणून महापालिकेला यातून अंग काढून घेता येत नाही. सोसायटीने दिलेला दिवाळीचा फराळ त्याला आनंदच देतो, तो जरूर द्यावा. पण फराळाने फाटके हातमोजे झाकले जात नाहीत, आणि ओल्या कचऱ्यात दडवलेली फुटकी काच तर नाहीच. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल पेनाने लिहून वेगळी द्यावी. सॅनिटरी पॅड आणि डायपरही तसेच, बांधून आणि खूण करून.

काम करून देण्यासाठी मात्र पैसे देऊ नयेत, 'चहापाणी' म्हणूनही नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, ही कायद्याची बाजू झाली. त्याहून मोठे नुकसान हे की एका सोसायटीने पैसे देऊन पाण्याची वेळ वाढवून घेतली, तर ती वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याची असते.

सोसायटीच्या फलकावर लागणाऱ्या सूचना हेही याच कामाचे अंग आहे. 'उद्या पाणी बंद' असा बिनतारखेचा निरोप दरवर्षी फिरतो आणि दरवर्षी पाचशे घरे बादल्या भरून ठेवतात. सूचना लिहिताना आजची तारीख, खात्याचे नाव, महापालिकेच्या प्रसिद्धीपत्रकाचा दिनांक, बंद सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आपली इमारत त्या भागात येते की नाही, आणि काय करायचे, एवढे हवे. बारा तासांचा बंद असला तर दुसऱ्या दिवशी सकाळीही दाब कमी असणार, हे आधीच लिहावे. हिशेब मांडून दाखवला की घबराट कमी होते. ४० घरे, घरटी ४ माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला २१,६०० लिटर लागतात. खालची-वरची टाकी मिळून तेवढी साठवण असेल तर कोणीही वेगळे पिंप भरायची गरज नाही. आणि काम ठरल्याआधी संपून पाणी लवकर सुरू झाले, तर तेही त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. बंदची सूचना सगळे लावतात, वेळेआधी सुरू झाल्याची कोणी लावत नाही. तक्रार सुटली की ती नोंदणी क्रमांकासह बंद झाल्याचे कळवावे. सुटलेल्या तक्रारी उघड्या राहिल्या तर त्याच कर्मचाऱ्याला वरून विचारणा होते आणि तो पुन्हा त्याच जागी फेरी मारतो. दिव्याची तक्रार असेल तर खांबाचा क्रमांक द्यावा. एकच दिवा गेला असेल तर दिव्यात दोष असतो, अख्खी रांग गेली असेल तर पेटीत किंवा केबलमध्ये. एवढे सांगितले तरी माणूस योग्य सामान घेऊन येतो.

हे सगळे बोलायची जागा कोणती, हा प्रश्न उरतो. २७ गावे ग्रामपंचायतींत होती तेव्हा वर्षातून किमान चार ग्रामसभा होत. सरपंचासमोर उभे राहून 'हे काम झाले, हे झाले नाही' असे म्हणता येई. महापालिकेत आल्यावर ती जागा गेली. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात झाली, पण आपल्याकडच्या वस्त्यांत तशी सभा भरत नाही. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० ला नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. राज्यातल्या २९ महापालिकांचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायचा लोकशाही दिन हीच एक ठरलेली जागा होती. तिथे अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, तो चुकला की पुढचा महिना.

आता मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार नगरसेवक आहेत, कुठे तीन, कुठे पाच. चौघांचा मिळून एक प्रभाग म्हणजे काम झाले की चार फ्लेक्स आणि झाले नाही की चौघांचे बोट दुसऱ्याकडे, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणून सोसायट्यांनी पत्र एकच लिहावे, चौघांच्या नावे लिहावे, आणि त्यात दोन भाग असावेत: मागच्या तीन महिन्यांत झालेली कामे आणि राहिलेली कामे. कामांचा क्रम दर वेळी तोच ठेवावा, म्हणजे पुढच्या पत्रात एखादी ओळ खालच्या भागातून वरच्या भागात गेलेली सगळ्यांना दिसते. आसपासच्या पाच-सहा सोसायट्यांनी एकाच नमुन्यात लिहिले तर प्रभाग कार्यालयातही ते वाचले जाते.

या पत्रांची फाइल जपायला हवी. सोसायटीची व्यवस्थापक समिती पाच वर्षांनी बदलते आणि जुन्या सेक्रेटरीबरोबर माहितीफलकांचे फोटो, दोष दायित्वाच्या तारखा, व्हॉल्व्हमनचे नाव आणि आवक क्रमांकही जातात. नव्या समितीला दप्तर सोपवताना हिशेबाच्या वह्या आणि सभांच्या इतिवृत्तांबरोबर ही फाइलही यादीत लिहून, पोचपावती घेऊन द्यावी.